नाव ठेवणारे आई-बाप आणि नावं ठेवणारं जग

मराठीत एका अनुस्वाराने अर्थ उलटतो. बाळाचं 'नाव ठेवणं' हा आनंदाचा प्रसंग, आणि कुणाला 'नावं ठेवणं' म्हणजे त्याला कमी लेखणं. हल्ली या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात. एखादं प्रसिद्ध जोडपं बाळाचं नाव जाहीर करतं आणि रात्र व्हायच्या आत हजारो अनोळखी माणसं त्या नावावर तुटून पडतात. हे नाव सुचलंच कसं? अर्थ माहीत नाही का? इतिहास विसरलात का? दुसऱ्या बाजूने तितक्याच तावातावाने उत्तर येतं, की मूल त्यांचं, नाव त्यांचं, तुम्हाला काय करायचंय?

या भांडणात दोनच पक्ष दिसतात, आई-बाप आणि लोक. ज्या जिवाला ते नाव घेऊन पुढची सत्तर-ऐंशी वर्षं काढायची आहेत, तो दोघांच्या मध्ये झोपलेला असतो. त्याच्या बाजूने कुणी बोलतच नाही, असं मात्र नाही. जगभरच्या कायद्यांनी आणि न्यायालयांनी या तिसऱ्या माणसाचा बराच विचार केला आहे, कधी शहाणपणाने, कधी फार वाईट रीतीने. तो विचार साध्या शब्दांत उलगडायचा हा प्रयत्न आहे.

## नाव कुणाच्या मालकीचं?

'ठेवणं' या क्रियापदातच 'ठेव' आहे. अज्ञान मुलाच्या नावाने बँकेत खातं उघडलं, तर सही आई किंवा बाप करतात, व्यवहार तेच बघतात, पण पैसा मुलाचा असतो. मूल सज्ञान झालं की खातं त्याच्या हाती जातं. तोवर आई-बाप विश्वस्त, म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्या भल्यासाठी सांभाळणारे. नावाचंही तसंच आहे. निवडतात आई-बाप, वापरतं आणि भोगतं मूल.

संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार हेच सांगतो. त्याच्या सातव्या कलमानुसार जन्मल्याबरोबर नोंद होणं आणि जन्मापासून नाव मिळणं हा मुलाचा हक्क आहे. नाव कुणी निवडायचं याबद्दल ते कलम काही म्हणत नाही. ते आई-बापच निवडणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पण हक्काच्या रकान्यात मुलाला लिहिलंय, आई-बापांना नाही. त्याच करारातलं तिसरं कलम म्हणतं की मुलासंबंधीच्या प्रत्येक निर्णयात मुलाच्या हिताला अग्रक्रम हवा. यालाच कायद्याच्या भाषेत 'बालकाचं सर्वोत्तम हित' म्हणतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आई-बाप मुलासाठी भाषा ठरवतात, धर्म ठरवतात, शाळा ठरवतात, मग नावातच कुणी नाक का खुपसायचं? आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच जवळजवळ सगळीकडे पहिला शब्द आई-बापांचाच असतो. फरक एवढाच, की नाव माणसाच्या आधी पोचतं. अर्ज वाचणाऱ्याने चेहरा पाहिलेला नसतो, हजेरी घेणाऱ्याला मुलाचा स्वभाव माहीत नसतो. भाषा पुढे दुसरी शिकता येते, शाळा बदलते, पण नाव रोज, दिवसातून पन्नास वेळा, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागतं.

## सरकारचा संबंध येतो कुठे?

घरात काहीही हाक मारा, सरकार विचारायला येत नाही. प्रश्न येतो नोंदीचा. जन्माची नोंद ज्या अधिकाऱ्याकडे होते तो निबंधक, आणि त्याच्या वहीत जे लिहिलं जातं तेच पुढे पासपोर्टावर, प्रमाणपत्रावर, सातबाऱ्यावर उतरतं. वही सरकारची असल्यामुळे काय लिहायचं आणि काय नाही यात सरकारचा हात शिरतो.

त्याच्या दोन तऱ्हा आहेत. समजा दोन फाटकं आहेत. पहिल्यावर पहारेकरी उभा आहे. तो सगळ्यांना आत सोडतो, फक्त हातात घातक वस्तू दिसली तर अडवतो. दुसऱ्या फाटकावरच्या माणसाकडे यादी आहे. यादीत असाल तर आत, नाहीतर अर्ज करा आणि थांबा.

इंग्लंड, न्यूझीलंड आणि अमेरिकेतली राज्यं पहिल्या प्रकारची. भारतही त्यातच, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात निषिद्ध नावांची यादी नाही. न्यूझीलंडचा कायदा त्यातल्या त्यात नेमका आहे. समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटेल असं नाव, अवाजवी लांब नाव, आणि सबळ कारण नसताना हुद्द्यासारखं दिसणारं नाव, एवढंच तिथे अडवता येतं. त्यामुळे 'किंग', 'प्रिन्स', 'जस्टिस' ही नावं तिथे वारंवार परत पाठवली जातात.

डेन्मार्क, हंगेरी आणि आइसलँड दुसऱ्या फाटकाचे. हंगेरीत नावांची यादी भाषाशास्त्राची संशोधन संस्था सांभाळते. आइसलँडचं कारण मराठी माणसाला चटकन कळेल. तिथल्या भाषेत नामांना विभक्ती लागते, जसं आपण 'सीता'ची 'सीतेला' करतो. जे नाव अशा प्रत्ययांत बसत नाही ते भाषेला अडखळवतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय बहुतेक आइसलँडवासीयांना आपल्या अर्थाने आडनाव नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावाला प्रत्यय लावून पुढचं नाव बनतं. म्हणजे आज ठेवलेलं नाव उद्या नातवंडांच्या नावात उतरणार. १९९१ साली तिथे नावांची समिती नेमली गेली.

फ्रान्सने दोन्ही तऱ्हा पाहिल्या. १८०३ च्या कायद्याने तिथे संतांच्या दिनदर्शिकेतली आणि प्राचीन इतिहासातली नावंच ठेवता येत. हे बंधन हळूहळू सैल झालं आणि १९९३ मध्ये आई-बापांना मोकळीक मिळाली. मला त्या बदलातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. निबंधकाला नाव खटकलं तरी तो नोंद नाकारू शकत नाही. त्याने नोंद करायची आणि सरकारी वकिलाला कळवायचं; वकिलाला पटलं तर प्रकरण न्यायाधीशापुढे जातं. ज्याला शंका आली तो वेगळा आणि निकाल देणारा वेगळा. खिडकीमागच्या एका माणसाच्या आवडीनिवडीवर कुणाचं नाव अडकून राहत नाही.

## जिथे अडवणं बरोबर वाटतं

काही नावांबाबत फार वाद घालावा लागत नाही. २०१६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एका आईचा आग्रह आला. जुळ्यांपैकी मुलीचं नाव तिला 'सायनाइड' ठेवायचं होतं. हे सुंदर नाव आहे आणि याच विषाने हिटलर आणि त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स संपले, म्हणजे ते चांगलंच आहे, असा तिचा युक्तिवाद होता. ती मानसिक आजाराने त्रस्त होती आणि तिच्यावर फार वाईट प्रसंग गुदरले होते, हे न्यायाधीशांनी समजून घेतलं. नाव ठेवणं हा आईचा हक्क आहे हेही मान्य केलं. तरीही त्यांनी ते नाव रोखलं, कारण आईचं दुःख खरं असलं तरी विषाचं नाव वागवायचं होतं मुलीला.

फ्रान्समध्ये २०१४ साली एका जोडप्याने मुलीचं नाव 'नुटेला' ठेवलं, एका चॉकलेटच्या लेपाचं. लोकप्रिय आणि गोड म्हणून. न्यायालयाने सांगितलं की यातून तिच्या वाट्याला टिंगलच येईल, आणि ते 'एला' केलं. स्वीडनमध्ये १९९६ साली एका जोडप्याने ४३ चिन्हांचं नाव नोंदवायला दिलं, व्यंजनांची एक लांबलचक माळ आणि शेवटी पाच आकडे. उच्चार मात्र 'आल्बिन' करायचा, असं त्यांचं म्हणणं. नावांच्या कायद्याविरुद्ध तो त्यांचा निषेध होता. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत नाव नोंदवलं नाही म्हणून त्यांना ५,००० क्रोनर दंड झाला होता. निषेधाचा हक्क त्यांना होताच. पण निषेधाचा फलक मुलाच्या कपाळावर चिकटवायचा नसतो.

सगळ्यात बोलकं प्रकरण न्यूझीलंडचं आहे. २००८ साली ताबा मागणाऱ्या आई-बापांच्या खटल्यात न्यायाधीशांसमोर नऊ वर्षांची मुलगी आली. तिचं नाव होतं 'तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई', म्हणजे 'हवाईची तलुला हुला नाच करते'. नाव नव्हे, आख्खं वाक्य. ती मैत्रिणींना आपलं नाव सांगतच नव्हती; मला फक्त 'के' म्हणा, असं तिने सांगून ठेवलं होतं. न्यायाधीशांनी तिला तात्पुरतं न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं, ते नाव बदलता यावं यासाठी.

हे 'के' मला विसरता येत नाही. मोठी माणसं पुढे जो निकाल देणार होती तो त्या मुलीने स्वतःपुरता आधीच अमलात आणला होता. मुलाच्या हिताबद्दल आपण पानंच्या पानं बोलतो, पण खूपदा मुलाला नुसतं विचारलं तरी उत्तर मिळतं. बालहक्क कराराच्या बाराव्या कलमात नेमकं हेच आहे, की मूल स्वतःचं मत बनवण्याइतकं मोठं झालं असेल तर ते ऐकून घ्या.

## आणि जिथे सरकारच चुकतं

आता दुसरी बाजू. जर्मनीत भारताशी नातं असलेल्या एका जोडप्याने मुलीचं नाव ठेवलं 'किरण'. निबंधकाने अडवलं, कारण या नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही. आपल्याला यात अडवण्यासारखं काय आहे तेच समजत नाही. किरण नावाच्या बायकाही आपण पाहिल्यात आणि पुरुषही. प्रकरण थेट जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत गेलं. ५ डिसेंबर २००८ ला निकाल लागला, की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही, आणि मुलीच्या हिताला धक्का लागत नसेल तर आई-बापांची निवड नाकारता येणार नाही.

आइसलँडमध्ये 'ब्लेर' नावाची एक मुलगी होती. अर्थ, मंद झुळूक. समितीच्या मते हा शब्द पुल्लिंगी, म्हणून मुलीला चालणार नाही. पंधरा वर्षांची होईपर्यंत सरकारी कागदांवर तिच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असायचं. ३१ जानेवारी २०१३ ला रेक्याविकच्या न्यायालयाने तिला तिचं नाव दिलं. २०१९ मध्ये आइसलँडने नावांवरचं स्त्री-पुरुष बंधनच काढून टाकलं.

फिनलंडने 'ॲक्सल' या नावाचं एक आखूड रूप अडवलं होतं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं की हे नाव हास्यास्पद नाही, उच्चारता येतं, आणि देशात आधीच मोजक्या लोकांचं आहे. मग याच मुलाला नकार का? मात्र याच न्यायालयाने १९९६ मध्ये फ्रान्सच्या एका प्रकरणात सरकारची बाजू घेतली होती, कारण मुलगी व्यवहारात हवं ते नाव वापरू शकत होती आणि त्याला जवळचं रूप नोंदीतही मिळालं होतं. दोन्ही निकालांत एक पाया समान आहे. नाव हा खासगी आणि कौटुंबिक आयुष्याचा भाग आहे, म्हणून ते अडवायचं तर सरकारने कारण द्यायला हवं.

कारण कसलंही चालत नाही, हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात दिसलं. २०१३ साली आई-बाप आडनावाचा वाद घेऊन गेले आणि दंडाधिकारी बाईंनी न मागता बाळाचं पहिलं नाव बदललं. नाव होतं 'मसाया', म्हणजे तारणहार, आणि त्यांच्या मते ती उपाधी फक्त येशूची. वरिष्ठ न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तो आदेश फिरवला. न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीने आपली श्रद्धा दुसऱ्याच्या बाळावर लादली होती, आणि पुढे त्यांना त्या पदावरून जावं लागलं.

## ही कात्री सरकारच्या हाती द्यावीच का?

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण इतिहास त्याच्या बाजूने उभा आहे.

ऑगस्ट १९३८ मध्ये नाझी जर्मनीने हुकूम काढला. ठरलेल्या यादीतलं नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला 'इस्राएल' जोडायचं आणि प्रत्येक ज्यू स्त्रीने 'सारा'. सुंदर, जुनी नावं. त्यांचा वापर माणसं वेचून काढण्यासाठी झाला. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने बास्क आणि कॅटलान या तिथल्याच भाषांतल्या नावांवर बंदी आणली, ती १९७७ मध्ये उठली. दोन पिढ्यांची माणसं घरात एका नावाने आणि कागदावर दुसऱ्या नावाने जगली. बल्गेरियात १९८४-८५ च्या हिवाळ्यात सुमारे आठ लाख तुर्कांची नावं सक्तीने बदलून स्लाव, म्हणजे बल्गेरियन वळणाची केली गेली. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक घरदार सोडून तुर्कस्तानात निघून गेले. २०१७ मध्ये चीनच्या शिंजियांग प्रांतात 'इस्लाम', 'मक्का', 'मदिना' अशी नावं ठेवण्यावर बंदी आल्याच्या बातम्या आल्या. नाव मान्य नाही तर कुटुंब-नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर शाळा आणि दवाखान्याचा मार्गही बिकट.

ही उदाहरणं आणि 'नुटेला'चं प्रकरण एकाच कायदेशीर अधिकारातून येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकच कात्री टाके काढायलाही चालते आणि कातडी सोलायलाही. पण दोहोंतला फरक ओळखता येतो. सायनाइडच्या खटल्यात एका मुलीचा विचार झाला, तिच्या बाजूने आणि विरुद्ध बोललं गेलं, कारणं लिहून दिली गेली. बल्गेरियात एका जमातीचा विचार झाला आणि बोलायची सोयच नव्हती. म्हणून माझं मत असं आहे, की नाव अडवण्याचा अधिकार असावा, पण एकेका मुलापुरता, मुलाच्या नुकसानीच्या कारणापुरता आणि वर दाद मागता येईल असाच. समूहाला, धर्माला, भाषेला लागू होणारी बंदी आली की ती मुलाच्या हितासाठी नसते, हे धरून चालावं.

याद्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. मेक्सिकोच्या सोनोरा राज्याने २०१४ मध्ये ६१ निषिद्ध नावांची यादी काढली. त्यात 'हिटलर' होता, 'फेसबुक' होतं, 'रॅम्बो' आणि 'टर्मिनेटर'ही होते. हेतू चांगला होता, पण बासष्टावं नाव सुचायला माणसाला किती वेळ लागतो?

## इतिहासातल्या क्रूरकर्म्याचं नाव

खरी आग लागते ती इथे. २००८ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात तीन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाच्या केकवर त्याचं नाव लिहायला दुकानाने नकार दिला. मुलाचं पहिलं नाव ॲडॉल्फ आणि मधलं हिटलर. सरकारी नोंदीत ते बसलं होतं. अडवलं ते केक बनवणाऱ्यांनी.

आई-बापांचा उद्देश तिथे लपलेला नव्हता, त्यामुळे मत बनवणं सोपं आहे. पण हा निकष सगळीकडे लावायला गेलं की जमीन निसरडी होते. सिकंदराने ख्रिस्तपूर्व ३३० मध्ये इराणची राजधानी पर्सेपोलिस जाळली. जुन्या पारशी ग्रंथांत त्याचा उल्लेख 'शापित' असा येतो. तरी पुढे त्याच इराणात आणि आशियाभर इस्कंदर, सिकंदर ही नावं हौसेने ठेवली गेली. हूणांचा राजा अटिला पश्चिम युरोपात विध्वंसाचं दुसरं नाव, हंगेरीत ते शेजारच्या मुलाचं नाव. तैमूरने १३९८ मध्ये दिल्लीत केलेली कत्तल आपण विसरलेलो नाही, आणि विसरायचं कारणही नाही. उझबेकिस्तानात मात्र तो राष्ट्रपुरुष. ताश्कंदच्या मध्यवर्ती चौकात त्याचा पुतळा आहे, आणि मध्य आशियात त्या नावाची असंख्य साधी माणसं आहेत. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ लोखंड.

म्हणजे एकाच नावात एकाला जखम दिसते आणि दुसऱ्याला आजोबा. जखम खोटी नसते. ज्यांच्या घरची माणसं मारली गेली त्यांना मारणाऱ्याचं नाव हाकेत ऐकू आलं तर दुखणारच, आणि 'तुम्ही फार हळवे' म्हणून ते झटकणं निर्दयपणाचं आहे. आई-बापांनी नाव ठरवताना या दुखण्याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. पण करावा आणि कायद्याने करायलाच लावावा, यांत अंतर आहे. दुखावलेल्यांच्या यादीवरून नावं बाद करायला लागलो तर राजांची, सेनापतींची आणि धर्मसंस्थापकांचीही नावं उरणार नाहीत.

नावाप्रमाणे मूल घडतं, ही भीतीही तपासून पाहावी. तमिळनाडूच्या करुणानिधींना १ मार्च १९५३ ला मुलगा झाला. चार दिवसांनी सोव्हिएत नेता स्टालिन वारला आणि बापाने मुलाचं नाव स्टालिन ठेवलं. ते एम. के. स्टालिन निवडणुका लढवत, हरत, जिंकत २०२१ मध्ये मुख्यमंत्री झाले. लोक त्यांना मत देताना किंवा नाकारताना रशियाच्या हुकूमशहाचा हिशेब करत नाहीत. नामिबिया पूर्वी जर्मनीची वसाहत होता, तिथे जर्मन नावं रुळलेली आहेत. २०२० मध्ये तिथल्या एका मतदारसंघातून ॲडॉल्फ हिटलर उनोना नावाचे नेते निवडून आले. हिटलर म्हणजे काय हे वडिलांना बहुधा ठाऊक नसावं आणि लहानपणी आपल्याला ते साधं नाव वाटायचं, असं त्यांनी सांगितलं. नाव ओझं होऊ शकतं, स्वभाव मात्र ते देत नाही.

## 'पण मुलाला चिडवतील'

काळजीच्या सुरात बोलला जाणारा हा मुद्दा अर्धा खरा आहे. 'सायनाइड'ला चिडवतील, कारण दोष शब्दाच्या अर्थातच आहे. पण चिडवणाऱ्यांच्या मनात दोष असेल तर?

अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काहींवर गोऱ्या समाजात रुळलेली नावं, काहींवर कृष्णवर्णीय समाजातली. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या नावाला सरासरी दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, दुसऱ्या नावांना त्यासाठी पंधरा अर्ज करावे लागले. जर्मनीत २००९ च्या एका पाहणीत प्राथमिक शिक्षकांचा नावांवरून मुलांबद्दल होणारा ग्रह तपासला गेला. 'केविन' हे गरीब घरांशी जोडलं गेलेलं नाव. एका शिक्षकाने लिहून दिलं, की केविन हे नाव नव्हे, ते निदान आहे. वर्गात पाऊल टाकायच्या आधीच मुलगा नापास.

या मुलांच्या आई-बापांना 'जरा सोयीचं नाव ठेवा' असा सल्ला देणं सोपं आहे. तो मानला, तर जो समाज आधीच कमी लेखला जातो त्यालाच आपली नावं गिळायला सांगितल्यासारखं होतं. नावाचा अर्थच मुलाला खाली पाडत असेल तर नाव बदला. नाव निर्मळ असून ऐकणाऱ्याचं मन गढूळ असेल तर ऐकणाऱ्याला जाब विचारा, शाळेत, कचेरीत, मुलाखतीच्या खोलीत. आणि एखाद्या तान्ह्या मुलाच्या नावावरून त्याच्या आई-बापांना धमक्या देणाऱ्यांनी मुलाच्या भविष्याची काळजी पुढे करू नये. त्या भविष्यात पहिला दगड तेच मारत असतात.

## आई-बापांचंच पटलं नाही तर?

तर मूल बिननावाचं राहू शकतं. केरळात २०२३ मध्ये उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. विभक्त आई-बापांचं एका नावावर एकमत होईना, जन्मदाखला कोराच होता आणि शाळेने नाव हवं म्हणून सांगितलं. शेवटी न्यायालयाने, ज्याचं कुणी बघणारं नाही त्याचं पालक राज्य, या जुन्या तत्त्वाने स्वतः नाव ठरवलं. ते ठरवताना मुलाचं हित, समाजाचे संकेत आणि आई-बापांची इच्छा हे सगळं तोललं. यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही. दोघांनी भांडण बाजूला ठेवलं असतं तर न्यायाधीशांना बारसं करावं लागलं नसतं.

## मागचं दार

नावाच्या वादात सगळे पुढच्या फाटकाबद्दल बोलतात, नाव आत येताना कुणी तपासायचं याबद्दल. मला मागचं दार जास्त महत्त्वाचं वाटतं. मोठ्या झालेल्या माणसाला नाव नको असेल तर ते सोडून बाहेर पडणं किती सोपं आहे? इंग्लंडमध्ये सोळा वर्षांचा झालेला कुणीही एक साधा दस्त करून नाव बदलू शकतो. जर्मनीत त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. भारतात प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, राजपत्रातली नोंद, आणि मग एकेका कागदावर जुनं खोडून नवं करून घेणं. ज्याने ते केलंय त्याला विचारा.

बँकेतल्या ठेवीचा दाखला पुन्हा घ्यायचा तर, मूल सज्ञान झाल्यावर खातं त्याच्या हाती द्यायलाच हवं. हे दार रुंद आणि स्वस्त असेल तर पुढच्या फाटकावर फार कडक पहारा लागत नाही. आई-बापांची चूक मग आयुष्यभराची राहत नाही. आणि सज्ञान होण्याआधीही, दहा-बारा वर्षांचं मूल 'हे नाव नको' म्हणालं, तर त्याचं ऐकून घ्यायची सोय हवी. त्यासाठी आई-बापांचा ताब्याचा खटला चालू असण्याची आणि समोर सहृदय न्यायाधीश असण्याची वाट बघावी लागू नये.

न्यूझीलंडच्या त्या मुलीला नंतर नवं नाव मिळालं. ते काय, हे न्यायालयाने जगाला कळू दिलं नाही. ज्यांना तिला हाक मारायची होती त्यांनाच ते सांगितलं गेलं.